भिंतीपलीकडची मालीश

कोल्हापुरात खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. मैदान १९१२ चं, नाट्यगृह १९१५ चं. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेली. १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी असं मैदान आपल्या गावात हवं, हे मनात धरूनच ते परतले. मैदान झालं आणि त्याच्या पाठीशी नाटकासाठी 'पॅलेस थिएटर' झालं. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नांदी. दोन्हीकडच्या सरावाला आपल्याकडे शब्द मात्र एकच: तालीम. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत पैलवान घडतात, आणि 'आज सातला तालीम आहे' असा निरोप आला की नाटकवालाही हातातलं काम टाकून निघतो.

शब्द एक असला तरी दोन तालमींतला एक फरक मला कित्येक वर्षं दिसला नव्हता. भिंतीच्या त्या बाजूला मालीश आहे, या बाजूला नाही.

पैलवानाचा दिवस उजाडतो तो जोर-बैठकांनी. मग हळद, ताक, तेल घालून मऊ केलेल्या लाल मातीत लढत होते. लढत संपली की पोरं एकमेकांचं अंग रगडतात, लहान पोरं वस्तादांचे पाय चेपतात. खांदा, पाठ, मांडी, पोटरी, सगळं तेलानं चोळून मोकळं केलं जातं. ही चैन आहे असं तिथं कुणाला वाटत नाही. दमलेला स्नायू आखडतो आणि आखडलेल्या स्नायूनं उद्या लढता येत नाही, हे तालमीतल्या बारा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि या बाजूला? तीन अंक घसा ताणून नट विंगेत येतो, रंग पुसतो, तोंडात खडीसाखर टाकतो आणि मंडळींबरोबर मध्यरात्री तांबडा रस्सा ओरपायला निघतो. त्यानं दिवसभर ज्या स्नायूंवर लढत दिली, त्यांना हात लावावा हे त्याच्याही मनात येत नाही आणि दिग्दर्शकाच्याही.

मला हे कळलं ते आवाज गेल्यावर. राज्य नाट्य स्पर्धेचं वर्ष होतं. दिवसा शाळेत सहा तास शिकवायचं आणि संध्याकाळी एका हॉलमध्ये तालीम, तीही पंख्यांच्या घरघराटावर आवाज चढवून. माझ्या वाट्याला आलेली म्हातारी दुसऱ्या अंकात जवळजवळ अखंड भांडते. मी ती मनापासून भांडत होते. प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना सकाळी आवाज घोगरा लागला, दुपारी वर्गात फाटला, आणि रात्री तालमीत तोंड उघडलं तर नुसती हवा आली. मग घरोघरी होतं तेच झालं. ज्येष्ठमध, मीठ-हळदीच्या गुळण्या, आलं, लवंग, वाफ. कुणी सांगितलं कुजबुजत बोल, म्हणून चार दिवस कुजबुजले. त्यानं घसा आणखी धरला. पुढं समजलं की घसा आवळून केलेली कुजबुज ही विश्रांती नसतेच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू थोडे लालसर होते, पण गाठ नव्हती, फोड नव्हता, लुळेपणा नव्हता. म्हणजे वाद्य शाबूत होतं आणि वाजत नव्हतं. त्यांनी मला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे धाडलं. बाईंनी माझं बोलणं ऐकून घेतलं, मग समोर बसून अंगठा आणि मधलं बोट माझ्या गळ्याच्या दोन बाजूंना ठेवलं, आणि हनुवटीखाली जरासं दाबलं. मी कळवळले. ज्या जागेला आयुष्यात कधी हात लागला नव्हता ती जागा दगडासारखी झाली होती आणि ठसठसत होती. घसा दुखतो म्हणजे आत दुखतं, अशी माझी समजूत होती. माझं दुखणं बाहेर होतं, गळ्याच्या मांसात.

ते कसं, हे समजून घ्यायला आरशासमोर उभं राहा आणि थुंकी गिळा. पुरुष असाल तर कंठमणी वर जाऊन खाली येताना दिसेल. जुनी माणसं त्याला घाटी म्हणायची. बाई असाल तर बोट लावल्यावर ते कळेल. हे सगळं स्वरयंत्र गळ्यात लटकलेलं असतं. हनुवटी आणि कंठमणी यांच्या मधे, जिभेच्या मुळाशी, घोड्याच्या नालेसारखं एक लहानसं हाड आहे. दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. वरून जबड्याच्या आणि जिभेच्या स्नायूंनी त्याला ओढून धरलंय, खालून छातीच्या हाडाकडं जाणाऱ्या पट्ट्यांनी. स्वरयंत्र या हाडाला टांगलंय. पाळण्याच्या कड्या-दोऱ्या जशा, तसे हे स्नायू. दोऱ्या सैल आणि समतोल असल्या तर पाळणा सहज हलतो. वरच्या दोऱ्या आखडल्या की तो वर अडकून बसतो.

ताणून बोलणाऱ्याचं नेमकं हेच होतं. गिळताना वर गेलेली घाटी खाली येते, पण आवाज रेटणाऱ्या माणसाची घाटी वरच राहते. नालेसारखं हाड आणि त्याखालची कूर्चा यांतली फट बुजते. आतले स्वरतंतू एकमेकांवर दाबले जातात किंवा नीट मिळतच नाहीत. आवाज चिरका होतो, पोकळ होतो, मधेच तुटतो. तो तुटला म्हणून माणूस आणखी जोर लावतो आणि दोऱ्या आणखी आवळतात. अशा दुखण्यात दुर्बिणीत कधीकधी काहीच सापडत नाही. मग घरचे म्हणतात, मनाचं आहे. मनाचा भाग त्यात असतोही, कारण भीतीनं पहिल्यांदा आखडतो तो गळाच. पण आखडलेला स्नायू खरा असतो. तो बोटाला लागतो.

स्वरतंतूंचे कष्ट किती, याचा हिशेब मी एकदा शाळेच्या फळ्यावर मांडला होता. बाईमाणूस बोलताना स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. नाटकात तासभर बोलायची भूमिका असेल तर ३६०० सेकंद, म्हणजे सात लाख वीस हजार आपट्या. गाण्यात आकडा आणखी वर जातो. पुरुष गायकानं काळी एकच्या पट्टीत तार षड्ज लावला की सेकंदाला सुमारे २७७, काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईनं लावला की सुमारे ४१५. हे सगळं करणारे तंतू नखाएवढ्या लांबीचे. पैलवान हजार बैठका मारतो तेव्हा गावभर बोलबाला होतो!

हे कष्ट कोल्हापूरला नवे नाहीत. पॅलेस थिएटरला पुढं ज्यांचं नाव दिलं गेलं ते केशवराव भोसले याच गावचे, जन्म १८९० चा. लहानपणी 'शारदा' करून त्यांनी नाव काढलं आणि १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' उभी केली. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पद पोचवायचं ते छातीच्या आणि गळ्याच्या बळावर, आणि 'वन्स मोअर' आला की पुन्हा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीबद्दल मराठी माणूस अजून बोलतो. त्यानंतर तीन महिन्यांत विषमज्वरानं केशवराव गेले. वय अवघं ३१.

त्या काळच्या कंपन्यांत मुलांना नाटकात घेत ते कोवळ्या गळ्यासाठी. मुलगा वयात आला, आवाज फुटला की त्याची किंमत एका हंगामात उतरायची. भास्करबुवा बखले किर्लोस्कर मंडळीत असेच बालनट होते. आवाज फुटला, कंपनीत पूर्वीचा मान राहिला नाही, आणि ते गाणं शिकायला बाहेर पडले. पुढं ते देवगंधर्व म्हणून गाजले, म्हणून ही हकीकत आपल्याला माहीत आहे. ज्यांचा गळा पुन्हा लागलाच नाही अशा मुलांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आणि अल्लादियाखाँसाहेब. जन्म १८५५ चा. कोल्हापूर दरबारचे गायक होण्याआधीच, लागोपाठच्या मैफलींच्या अतिश्रमानं त्यांचा आवाज गेला होता. बराच काळ ते गाऊ शकले नाहीत. आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. जो आला त्याला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि तीच जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार, दमसासाची गायकी म्हणून केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूरांपर्यंत पोचली. ही गोष्ट आपण नेहमी प्रतिभेचा विजय म्हणून सांगतो, आणि तो विजय आहेच. पण शाळेतल्या कुठल्याही बाईचा किंवा तमाशातल्या कुठल्याही पोरीचा आवाज असा गेला तर त्यातून घराणं निघत नाही. नोकरी जाते, सुपारी जाते. खाँसाहेबांचं उदाहरण देऊन 'आवाज बसतो, परत येतो' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला राग येतो.

गळ्याच्या आत काय चालतं ते पहिल्यांदा पाहिलं तेही एका गाणं शिकवणाऱ्यानंच. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश गुरू. १८५४ मध्ये त्यानं दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आपल्या बाजूला मिरजेत जन्मलेले प्रा. बी. आर. देवधर आवाजाच्या शास्त्राच्या मागं लागले आणि गायकांना त्यांनी आवाज साधनेचं शास्त्र समजावलं. आणि ज्यांना 'नटसम्राट'मुळे सारा महाराष्ट्र ओळखतो ते डॉ. श्रीराम लागू मुळात कान-नाक-घशाचे शल्यविशारद. मराठी रंगभूमीला गळ्याचा डॉक्टरच नट म्हणून मिळाला होता. तरीही आपल्या तालमींत आवाजाची निगा म्हणजे काय, तर गरम पाणी, एवढंच अजून शिल्लक आहे.

बोटांनी स्वरयंत्र सैल करण्याची पद्धत शास्त्र म्हणून मांडली ती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या आर्नल्ड अॅरनसन यांनी. आवाजाच्या विकारांवरचं त्यांचं पुस्तक १९८० चं. पुढं नेल्सन रॉय यांनी ती तपासून पाहिली. १९९७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असे २५ रुग्ण घेतले ज्यांच्या स्वरयंत्रात दोष नव्हता पण आवाज बिघडला होता. त्यांतल्या बऱ्याच जणांचा आवाज एकाच बैठकीत लक्षणीय सुधारला. इंग्लंडात जेकब लीबरमन या अस्थि-स्नायू उपचारकानं नट आणि गायकांच्या गळ्यांवर हाच हात वर्षानुवर्षं चालवला. पण हेही सांगितलं पाहिजे की असे अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतले रुग्ण बहुतेक साधे बोलणारे आहेत, रोज तीन अंक करणारे नाहीत. पुष्कळांना गुण येतो, सर्वांना येत नाही, आणि उपचारानंतर बोलण्याची सवय बदलली नाही तर दुखणं परततं. मी जे लिहिते आहे ते एवढ्याच भरवशावर.

बैठक कशी होते ते सांगते, कारण 'मालीश' म्हटल्यावर डोळ्यांसमोर तेलाची वाटी येते आणि तसं इथं काही नसतं. पहिल्यांदा बाईंनी माझ्या मानेला हात लावलाच नाही. खांदे पाहिले. डावा खांदा कानाकडं चढलेला होता, वर्षानुवर्षं पिशवी अडकवलेला. पाठीचा वरचा भाग, मग कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा जाड स्नायू, तो चिमटीत धरून हलके सोडला. मग जबडा. गालाच्या मागच्या कोपऱ्यात, दात आवळले की टणक उभा राहतो तो स्नायू. तिथं बोटं गोल फिरू लागली आणि माझं तोंड आपोआप अर्धं उघडलं. शाळेत, तालमीत, घरी मी दात आवळूनच बसलेली असते, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या खुर्चीत कळलं.

मग गळा. नालेसारख्या हाडाची दोन टोकं बोटांनी शोधली, तिथं अगदी हलका दाब देऊन लहान वर्तुळं. तिथून खाली त्या बुजलेल्या फटीत. मग कंठमण्याच्या दोन्ही कडा धरून सगळं स्वरयंत्र हळूहळू खाली ओढायचं आणि किंचित डावी-उजवीकडं हलवायचं. हे चालू असताना गप्प बसायचं नसतं, आवाज करायचा असतो. पहिल्यांदा ओठ मिटून 'म्'. मग 'मा', 'मी', 'मो'. मग सोमवार, मंगळवार. बोटं खाली उतरत असताना एका क्षणी आवाजाचा पोत बदलतो. माझा बदलला तो बुधवारवर. हवेसारखा येणारा आवाज एकदम भरला, माझा झाला, आणि मी दचकून थांबले. बाई म्हणाल्या, थांबू नका, गुरुवार म्हणा. हा क्षण फार महत्त्वाचा, कारण जोर न लावता आवाज येतो हे तेव्हा शरीराला कळतं. बोटांचं काम एवढंच की आवळलेला दरवाजा थोडा किलकिला करायचा. आत जाऊन राहायचं ते आपल्याला, श्वासाच्या आणि बोलण्याच्या सरावानं.

चमत्कार झाला नाही. दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा निम्मा गेला. प्रयोगापर्यंत चार आणि नंतर दोन, अशा सहा बैठका लागल्या. दुसऱ्या अंकातलं भांडण मी आणि दिग्दर्शकानं नव्यानं बसवलं. म्हातारी आता ओरडायची तिथं थांबायची, दबक्या आवाजात बोलायची, आणि एकदाच कडाडायची. प्रयोग झाला. ती म्हातारी आधीपेक्षा जास्त भीतीदायक झाली, असं बघणारे म्हणाले.

इथं एक इशारा दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हा लेख वाचून कुणी मित्राकडून गळा चोळून घेऊ नये, आणि तालमीतल्या मालीशवाल्याकडून तर मुळीच नको. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण तो हात मांडीच्या आणि पाठीच्या स्नायूंसाठी तयार झालेला आहे. गळ्याच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या आहेत. त्या फुगीर होतात तिथं दाब पडला तर नाडी मंदावते आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून जाणकार उपचारक नाडी लागेल तिथून बोट लगेच काढतात. दोन्ही बाजू एकदम दाबत नाहीत, थायरॉईड ग्रंथीवर जोर देत नाहीत. वाचा-उपचारकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. ती विचारायला संकोच करू नये.

आणि हाताआधी दुर्बीण. हा क्रम उलटा झाला तर घात होतो. मालीशनं स्वरतंतूंवरची गाठ विरघळत नाही. प्रयोगात अचानक कळ येऊन आवाज गेला तर तंतूत रक्त उतरलेलं असू शकतं. तेव्हा बोलणं बंद आणि थेट डॉक्टर. आपल्या भागात मिश्री आणि तंबाखू घराघरांत आहे. महिना झाला तरी न सुटणारा घोगरेपणा हा कधी कर्करोगाचा पहिला निरोप असतो. अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टरांच्या २०१८ च्या सूचनांत चार आठवडे ही मर्यादा घातली आहे. तेवढ्यात आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे. ज्येष्ठमध चघळत सहा महिने काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

ज्येष्ठमधाला माझा विरोध नाही. आयुर्वेदानं आवाजाकडं फार पूर्वी लक्ष दिलं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदावर स्वतंत्र अध्याय आहे, त्यात स्वरभेदाचे सहा प्रकार सांगितलेत, आणि कारणांत पहिलंच येतं ते फार मोठ्यानं बोलणं. अभ्यंग, कवल, गंडूष हे शब्द आपल्याच घरातले. अंगाला तेल, तोंडात तेल, हे आपण पिढ्यान् पिढ्या केलं. आधुनिक उपचारक स्नायूंच्या जागी बोट ठेवून जे करतात ते या समजुतीला परकं नाही. फक्त ते कुठं, किती आणि कशासाठी, हे आता नेमकं कळलंय.

आपल्याकडं खरा अडसर वेगळाच आहे. आपल्याला ताणलेला गळा आवडतो. शाहीर एक हात कानावर ठेवून पोवाड्याची चढ घेतो, मानेच्या शिरा टरारतात, चेहरा लालबुंद होतो आणि मैदानातून शिट्ट्या येतात. पिराजीराव सरनाईकांसारखे शाहीर या मातीतले. डफाच्या कडकडाटावर शब्द न् शब्द पोचवणं हे त्यांचं कसब होतं. पण ऐकणाऱ्यांनी त्यातलं कसब कमी आणि फुगलेली शीर जास्त लक्षात ठेवली. मग पुढची पोरं शीर फुगवायला शिकली. नाटकातही तेच. घसा बसेपर्यंत तालीम केली ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते. पैलवान कधी अभिमानानं सांगतो का, की मी खांदा निखळेपर्यंत जोर मारले?

यात आवाजाची व्यवस्था आणखी घात करते. १९११ मध्ये, म्हणजे 'मानापमान' रंगभूमीवर आलं त्याच वर्षी, पॅरिसच्या एतिएन लोम्बार या डॉक्टरनं दाखवून दिलं की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, कारण त्याला स्वतःचं ऐकू येत नाही. जत्रेतल्या तंबूत आज तेच चाललंय. कर्णे प्रेक्षकांकडं तोंड करून असतात, ढोलकी-हलगी पाठीशी, आणि मधे उभ्या बाईला आपलाच आवाज ऐकू येत नाही. ती रात्रभर लावणी गाते, सवाल-जवाब करते, वग करते. पहाटे गाडीत बसते, उन्हाच्या आत पुढच्या गावात उतरते, रात्री पुन्हा उभी राहते. तिच्यापुढं एक कर्णा ठेवला, तिचाच आवाज तिच्याकडं वळवणारा, तर निम्मा ताण तिथंच उतरेल. मालीशच्या खर्चापेक्षा ते स्वस्त आहे. नाटक मंडळीला आणि फडमालकाला मी पहिली विनंती हीच करीन.

दुसरी विनंती जेवणाची. प्रयोगानंतर रात्री बारा-एकला झणझणीत जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर घशापर्यंत येतं आणि आधीच सुजलेल्या स्वरतंतूंना भाजतं. सकाळी उठल्यावर घसा खाकरावा लागत असेल, तोंड आंबट असेल, तर गळ्याचं अर्धं दुखणं पोटात आहे. हे सांगितल्यावर कोल्हापूरकर नट हसतो. मला पांढऱ्या रश्श्याचं वेड त्याच्याएवढंच आहे, तरी सांगते की प्रयोगाच्या दिवशी तो दुपारी खावा.

रोज करता येण्याजोगं थोडं आहे, ते उपचारकानं शिकवलेलंच करावं. खांदे सोडणं, गालाचा मागचा स्नायू स्वतःच्या बोटांनी गोल चोळणं, तोंड मिटून जबडा सैल ठेवणं, जांभई अर्धी आणून घाटी खाली जाते ते पाहणं, 'म्'वर हळूहळू वर-खाली जाणं. प्रयोगाआधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं. नंतरची दहा मिनिटं जास्त महत्त्वाची, आणि तीच कुणी करत नाही. पैलवानाची मालीशही लढतीनंतरच असते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छत, खुर्च्या गेल्या, दगडी भिंती उरल्या. त्या सकाळी मी तिथं उभी होते. पुष्कळजण रडत होते. मी ज्या विंगेत उभं राहून 'म्' करत प्रवेशाची वाट पाहिली होती ती विंग तिथं नव्हती. नाट्यगृह होतं तसंच पुन्हा उभं करायचं हे ठरलं आणि गावानं त्याचा आग्रह धरला. दगड, लाकूड, छताची ठेवण, आवाज घुमण्याची पद्धत, सगळं पहिल्यासारखं हवं म्हणून जाणकार भांडले. ते योग्यच झालं.

मला त्यात एकच भर घालायची आहे. रंगपटाशेजारी एक लहान खोली ठेवा. तिच्यात एक खुर्ची, एक आरसा, एक वाफेचं भांडं, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तरी एक नोंदणीकृत वाचा-उपचारक. सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाशी महापालिकेनं बोलणी केली तर हे अशक्य नाही. ती खोली नटांसाठी असावी, शाहिरांसाठी असावी, जत्रेतून येणाऱ्या फडातल्या बायांसाठी असावी, आणि दिवसा सहा तास शिकवून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीही. महापालिकेतल्या आणि नाट्य परिषदेतल्या जबाबदार मंडळींनी हे वाचलं असेल, तर पहिल्या घंटेच्या आत ही खोली उघडी झालेली मला पाहायची आहे.